बाबांच्या हृदयात कॅल्शियम जास्त झालंय की कमी?

बडोद्याच्या एका ताईंनी विचारलं आहे. त्यांचे वडील ६८ वर्षांचे. तीन महिन्यांपूर्वी अ‍ॅटॅक येऊन गेला, इकोत पंपिंग (दर ठोक्याला हृदय आतलं किती रक्त बाहेर ढकलतं ते) ३० टक्के आलं. डिस्चार्जच्या वेळी बीपीची जुनी डिल्टियाझेमची गोळी बंद केली आणि सांगितलं, "ती कॅल्शियमवाली आहे, या हृदयाला चालत नाही." घरी आल्यावर आईने वडिलांचं दूध, दही, पनीर सगळं बंद केलं. ताईंनी बी.एस्सी. केलेलं आहे. त्यांच्या वाचनात आलं की हार्ट फेल्युअरमध्ये, म्हणजे हृदय असं कमजोर पडतं तेव्हा, पेशीतल्या कॅल्शियमचाच घोळ होतो. म्हणून त्या विचारतात: मग कॅल्शियम जास्त झालंय की कमी? कमी झालं असेल तर ते वाढवणारं औषध का देत नाहीत? आणि हृदय आधीच कमजोर असताना त्याला आणखी हळू करणारी मेटोप्रोलॉल कशासाठी?

ताई, आधी आईंसाठीचं उत्तर. दूध-दही सुरू करा. त्याचं हृदयाशी काही वैर नाही. डिल्टियाझेममध्ये कॅल्शियम नसतं. ती पेशीत कॅल्शियम शिरण्याची दारं अडवणारी गोळी आहे, म्हणून तिला कॅल्शियम ब्लॉकर म्हणतात. घाईच्या डिस्चार्जमध्ये त्या दोन शब्दांचा एक शब्द झाला आणि त्याचा फटका बाबांच्या दह्याला बसला. माझ्या ओपीडीतही हे होतं, आणि दोष रुग्णाच्या घरच्यांचा नसतो. आम्ही नीट सांगत नाही.

आता तुमचा खरा प्रश्न. मी गेली सत्तावीस वर्षं बडोद्यात हृदयरुग्ण तपासतो आहे, आणि "जास्त की कमी" हा प्रश्न इतक्या नेमकेपणाने मला फार थोड्यांनी विचारला आहे. उत्तर असं की दोन्ही. आकुंचनाच्या क्षणी कमी पडतं, आणि विसाव्याच्या क्षणी जास्त उरतं. कमजोर हृदयात कॅल्शियमचा साठा किती यापेक्षा त्याची ये-जा वेळेवर होते का, इथे सगळी अडचण आहे. हे एकदा नीट समजलं की बाबांच्या पाकिटातल्या जवळपास प्रत्येक गोळीचा अर्थ लागतो, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

कॅल्शियमशिवाय हृदय चालत नाही हे कळलं तेच मुळी एका चुकीमुळे. लंडनमध्ये सिडनी रिंगर नावाचे डॉक्टर बेडकाचं हृदय मिठाच्या पाण्यात धडधडत ठेवून प्रयोग करत होते. पाणी शुद्ध, ऊर्ध्वपातित आहे अशी त्यांची समजूत होती. प्रत्यक्षात ते नळाचं निघालं. खरोखरच्या शुद्ध पाण्यात द्रावण केलं तर हृदय हळूहळू मंदावून थांबायचं. त्यात चुन्याचा क्षार घातला की पुन्हा नीट चालायला लागायचं. १८८३ साली त्यांनी हे छापलं. आपल्याकडे बोअरच्या पाण्याने गिझरच्या कॉइलवर पांढरा थर धरतो ना, त्यातलंच कॅल्शियम ते. अ‍ॅडमिट झाल्यावर लावतात त्या आरएलच्या (रिंगर लॅक्टेटच्या) बाटलीतला "आर" म्हणजे हेच रिंगर.

आता पेशीत शिरू. हृदयाच्या स्नायूपेशीच्या बाहेर, रक्तात, जितकं मुक्त कॅल्शियम असतं त्याच्या साधारण दहा हजाराव्या हिश्शाइतकंच विसाव्याच्या वेळी पेशीच्या आत असतं. हा उतार टिकवण्यासाठी पेशी अखंड राबते. मग प्रत्येक ठोक्याला विजेची लाट येते, पेशीच्या पडद्यावरची दारं उघडतात आणि बाहेरचं थोडं कॅल्शियम आत येतं. तेवढ्यावर स्नायू आवळला जात नाही. त्याचं काम फक्त हाक मारण्याचं. पेशीच्या आत एक जाळीदार कोठी असते, तिच्यात कॅल्शियम भरून ठेवलेलं असतं. बाहेरून आलेल्या त्या थोड्या कॅल्शियमने कोठीची झडप उघडते आणि आतला साठा धो धो बाहेर पडतो. झडपेचं नाव रायनोडीन रिसेप्टर. दार आणि झडप यांच्यातलं अंतर इतकं कमी असतं की ते मिलिमीटरच्या लाखाव्या हिश्शाच्या भाषेत मोजावं लागतं, आणि एका पेशीत अशा हजारो जोड्या असतात. १९९३ साली चेंग, लेडरर आणि कॅनेल या तिघांनी अशा एकेका ठिकाणाहून सुटणारं कॅल्शियम सूक्ष्मदर्शकाखाली चमकताना पाहिलं आणि त्याला ठिणगी असं नाव दिलं. हजारो ठिणग्या एकदम पेटल्या की तो तुमच्या नाडीचा एक ठोका.

सुटलेलं कॅल्शियम जाऊन बसतं ट्रोपोनिनवर. हा शब्द तुम्हाला ओळखीचा वाटेल. अ‍ॅटॅकच्या रात्री बाबांची जी रक्ततपासणी झाली असेल, ती याच प्रथिनाच्या तुकड्यांची. पेशी मेली की ट्रोपोनिन रक्तात सांडतं, म्हणून त्यावरून अ‍ॅटॅक ओळखता येतो. पण जिवंत पेशीत त्याचं काम वेगळं: कॅल्शियम बसलं की ते बाजूला सरकतं आणि स्नायूचे धागे एकमेकांना ओढायला मोकळे होतात.

इथपर्यंतचं बहुतेक पुस्तकांत सविस्तर असतं. पुढचा अर्धा भाग, म्हणजे हृदय सैल कसं पडतं, तो घाईत उरकतात. माझ्या मते हार्ट फेल्युअर समजण्याची किल्ली तिथेच आहे. सैल पडणं म्हणजे नुसतं सोडून देणं नव्हे, त्यालाही ऊर्जा लागते. ट्रोपोनिनवरून सुटलेलं कॅल्शियम पुन्हा कोठीत ओढून भरावं लागतं. ते काम करणारा पंप म्हणजे सर्का. दोन कॅल्शियम आत ओढायला तो ऊर्जेचा एक पूर्ण रेणू खर्च करतो. माणसाच्या हृदयात दर ठोक्यानंतरचं साधारण ७० टक्के कॅल्शियम सर्का कोठीत परत नेतो. उरलेलं बहुतेक एका अदलाबदलीच्या यंत्रणेतून पेशीच्या बाहेर जातं. ही यंत्रणा एक कॅल्शियम बाहेर टाकते तेव्हा तीन सोडियम आत घेते. हे तीनास एक प्रमाण लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हे सगळं एका सेकंदाच्या आत, दिवसाला एक लाख वेळा.

रुग्णाच्या घरच्यांना मी हे सोसायटीच्या पाण्यावरून समजावतो. आजवा तलावाचं पाणी सकाळी ठरलेल्या वेळी खालच्या टाकीत येतं, मोटर ते गच्चीवरच्या टाकीत चढवते, आणि वरची टाकी भरलेली असेल तर तिसऱ्या मजल्यावरही नळाला जोर असतो. कोठी म्हणजे गच्चीवरची टाकी, सर्का म्हणजे मोटर, रायनोडीन रिसेप्टर म्हणजे टाकीचा व्हॉल्व्ह. आता मोटर जुनी झाली आणि व्हॉल्व्ह गळायला लागला, तर काय होईल? टाकी कधीच पूर्ण भरणार नाही, नळाला करंगळीएवढी धार येईल. आणि त्याच वेळी गच्ची कायम ओली राहील, भिंतींना ओल येईल. पाणी कमी आहे की जास्त? नळावर उभ्या असलेल्या माणसाला विचाराल तर कमी, वरच्या मजल्यावर राहणाऱ्याला विचाराल तर जास्त. बाबांच्या हृदयाचं नेमकं हेच झालं आहे.

कमजोर हृदयाच्या पेशीत काय काय बिघडतं ते आता एकेक करून सांगतो.

मोटर मंदावते. सर्काची संख्या आणि जोर दोन्ही घटतात. शिवाय सर्काला एक ब्रेक असतो, फॉस्फोलॅम्बन नावाचा, जो १९७० च्या दशकात तादा आणि कॅट्झ यांनी शोधला. निरोगी माणूस नवरात्रात गरब्याला उतरतो तेव्हा अ‍ॅड्रिनॅलिन वाढतं, त्याच्या निरोपाने फॉस्फोलॅम्बनचा ब्रेक सुटतो, सर्का झपाट्याने चालायला लागतो. म्हणून ७० वरून १४० ठोक्यांवर गेलं तरी दर दोन ठोक्यांमध्ये टाकी भरते, उलट आधीपेक्षा जास्त भरते. ठोके वाढले की निरोगी हृदयाचा जोरही वाढतो, त्यामागे हे आहे. कमजोर हृदयात ब्रेक नीट सुटत नाही. ठोके वाढले की भरायला वेळ उरत नाही, आणि जोर वाढण्याऐवजी घटतो. बाबा जिना चढताना दुसऱ्या वळणावर थांबत असतील, "गभरामण होते", म्हणजे जीव घाबरा होतो, म्हणत असतील, तर त्यामागे हे गणित असतं. नाडी जितकी धावेल तितका हा पंप दुबळा होतो. मेटोप्रोलॉल कशासाठी, याचं अर्धं उत्तर इथेच मिळालं.

व्हॉल्व्ह गळतो. विसाव्याच्या वेळी रायनोडीन रिसेप्टर घट्ट मिटलेला हवा, पण तो थेंब थेंब सोडत राहतो. हे नेमकं कशामुळे यावर गेली पंचवीस वर्षं संशोधकांत वाद आहे. एका गटाचं म्हणणं, अ‍ॅड्रिनॅलिनच्या सततच्या माऱ्याने झडपेवर फॉस्फेटचे जे गट चिकटतात त्याने ती सैल होते. दुसरा गट सगळा दोष कॅमकायनेज या एंझाइमवर ठेवतो, जे कॅल्शियम रेंगाळलं की जागं होतं आणि मग झडप आणखी गळकी करतं. माझा कल दुसऱ्या बाजूकडे आहे, पण रुग्णाच्या दृष्टीने दोन्ही वाटा एकाच ठिकाणी पोहोचतात: अ‍ॅड्रिनॅलिनचा मारा थांबवा.

आणि घराची रचनाच ढासळते. निरोगी पेशीत पडद्याच्या बारीक नळ्या खोल आत गेलेल्या असतात, त्यामुळे विजेची लाट पेशीच्या गाभ्यापर्यंत एकाच वेळी पोचते. हार्ट फेल्युअरमध्ये या नळ्या विस्कटतात, काही नाहीशाच होतात. मग दार एकीकडे, झडप दुसरीकडे. हाक मारली तरी काही झडपांना ती ऐकूच येत नाही, काहींना उशिरा येते. हजारो ठिणग्या एकदम पेटण्याऐवजी मागेपुढे पेटतात. इकोवर डॉक्टर म्हणतात की भिंत एकसारखी आवळत नाही. बाबांच्या बाबतीत मुख्य कारण अर्थातच अ‍ॅटॅकमध्ये मेलेला भाग हेच आहे. पण जो भाग वाचला आहे, त्याच्यावर जादा भार पडून त्याच्या पेशींत ही मोडतोड होत राहते, आणि पुढची सगळी औषधं त्या वाचलेल्या भागासाठी असतात.

आता ते तीनास एक. गळलेलं कॅल्शियम पेशी बाहेर टाकते, बदल्यात सोडियमचे तीन कण आत घेते. कॅल्शियमच्या एका कणावर दोन धनभार, सोडियमच्या तिघांवर मिळून तीन. म्हणजे प्रत्येक अदलाबदलीत एक धनभार आत शिल्लक राहतो. पुरेसे साठले की पेशीला वाटतं विजेची लाट आली, आणि ती अवेळी ठोका मारते. एक-दोन असे ठोके म्हणजे छातीत "धसका बसल्यासारखं" होणं. त्यांची साखळी लागली तर माणूस जागच्या जागी कोसळतो. हार्ट फेल्युअरचे बरेच रुग्ण पंप थकून हळूहळू जातात, पण बरेच असे अचानकही जातात. औषधांना साधारण तीन महिने देऊनही पंपिंग ३५ च्या वर गेलं नाही तर डॉक्टर छातीत बसवायच्या शॉक देणाऱ्या यंत्राचा विषय काढतील. तो पैशासाठी काढला असं समजू नका. खर्च परवडेल का, सरकारी योजनेत बसेल का, हे जरूर विचारा, पण विषय ऐकून घ्या.

तुमचा दुसरा प्रश्न: मग कॅल्शियम वाढवणारं औषध का नाही? ताई, आम्ही डॉक्टरांनी हा प्रयोग करून पाहिला आहे आणि त्याची किंमत रुग्णांनी मोजली आहे. मिलरिनोन हे औषध पेशीत कॅल्शियमची आवक वाढवतं. ते दिल्यावर हृदय जोरात आवळतं, आकडे सुधारतात, रुग्णाला एक-दोन दिवस बरं वाटतं. तेव्हा सगळ्यांना वाटलं, याची गोळी रोज दिली तर हार्ट फेल्युअर सुटलंच. १९९१ साली हजाराहून जास्त रुग्णांवरच्या मोठ्या चाचणीचा निकाल आला: गोळी घेणाऱ्यांत मृत्यू २८ टक्क्यांनी जास्त. थकलेली मोटर आणि गळका व्हॉल्व्ह असताना आम्ही पाण्याचा लोट वाढवला होता. टाकी फार भरली नाही. ओल मात्र वाढली, अवेळी ठोके वाढले, पेशींची ऊर्जा संपली.

आजही आयसीयूत बीपी पडलेल्या रुग्णाला आम्ही हृदयाला जोरात आवळायला लावणारी डोब्युटामिनसारखी ड्रिप लावतो, कारण त्या तासाला दुसरा इलाज नसतो. पण नातेवाईक जेव्हा दारात हात जोडून म्हणतात, "डॉक्टर, ताकदीचं इंजेक्शन द्या, पैशाचं बघू नका," तेव्हा मला ते समजावून सांगणं फार जड जातं. ती ताकद उसनी असते आणि व्याज हृदयच भरतं. लेवोसिमेंडान या औषधाची रीत थोडी वेगळी आहे: ते कॅल्शियम वाढवण्यापेक्षा ट्रोपोनिनला आहे त्याच कॅल्शियमला जास्त प्रतिसाद द्यायला लावतं. कल्पना चांगली आहे, काही रुग्णांत मी वापरतो, पण आयुष्य वाढवतं असं ठामपणे दाखवता आलेलं नाही.

डिगॉक्सिनबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण बाबांना कधी दिली गेली तर माहीत असावं. फॉक्सग्लव्ह नावाच्या फुलझाडातून आलेलं हे औषध, ज्याचा पद्धतशीर अहवाल विल्यम विदरिंग यांनी १७८५ साली लिहिला. ते सोडियमचा पंप थोडा अडवतं, पेशीत सोडियम वाढतं, त्यामुळे अदलाबदल मंदावते आणि थोडं कॅल्शियम मागे राहतं. म्हणजे हेही कॅल्शियम वाढवणारंच, फक्त हळुवारपणे. १९९७ च्या मोठ्या चाचणीत त्याने आयुष्य वाढलं नाही, घटलंही नाही, पण हॉस्पिटलच्या फेऱ्या कमी झाल्या. वय झालेल्या माणसात किडनी मंदावलेली असते, त्यामुळे मात्रा अगदी थोडी ठेवावी लागते. भूक मरणं, मळमळ, सगळं पिवळट दिसणं, नाडी फार मंद होणं, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी फोन करावा.

आता मेटोप्रोलॉल. मी मेडिकल कॉलेजात शिकलो तेव्हा आम्हाला तोंडपाठ करायला लावलं होतं की हार्ट फेल्युअरमध्ये बीटा-ब्लॉकर, म्हणजे मेटोप्रोलॉलच्या कुळातलं औषध, द्यायचं नाही. परीक्षेत कुणी उलटं लिहिलं असतं तर तो नापास झाला असता. खरं तर स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या वागस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ सालीच मोजक्या रुग्णांत उलटं दाखवलं होतं. त्यांच्यावर कुणी फारसा विश्वास ठेवला नाही. पुढे १९९९ साली बिसोप्रोलॉल आणि मेटोप्रोलॉलच्या दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले, दोन्हींत मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी. मी तेव्हा नुकती प्रॅक्टिस सुरू केली होती. आदल्या वर्षापर्यंत ज्या गोळीपासून रुग्णांना जपत होतो, तीच लिहून द्यायला हात धजत नव्हता. त्या संकोचात मी काही रुग्णांना ती वर्ष-दीड वर्ष उशिरा दिली. ते मला अजून बोचतं.

ती काम कशी करते? अ‍ॅड्रिनॅलिनचा मारा थांबवते. नाडी मंदावते, दोन ठोक्यांमध्ये टाकी भरायला वेळ मिळतो. कॅमकायनेज शांत होतं, व्हॉल्व्हची गळती घटते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, काही महिन्यांत पेशी स्वतःची दुरुस्ती सुरू करते. बीटा-ब्लॉकरवर ज्यांचं पंपिंग सुधारलं त्यांच्या हृदयाच्या बारीक तुकड्यांच्या तपासणीत सर्का बनवण्याचा निरोप वाढलेला दिसला, असं २००२ साली छापून आलं. म्हणजे गोळी मोटर बदलत नाही. ती मोटरला श्वास घ्यायला उसंत देते आणि मोटर सावरते. हे आठवड्यात होत नाही. पहिले दोन-तीन आठवडे बाबांना उलट जास्त थकवा वाटेल. तेव्हा गोळी मनाने बंद करू नका. अचानक बंद केली तर दबलेलं अ‍ॅड्रिनॅलिन एकदम अंगावर येतं. मात्रा छोटी सुरू करून दर दोन आठवड्यांनी वाढवायची असते. ती पुढे वाढवायची राहून जाते, ही आपल्याकडची फार मोठी गळती आहे: डिस्चार्जला लिहिलेली २५ मिलिग्रॅम दोन वर्षांनंतरही २५ च असते.

तुम्ही कदाचित म्हणाल, डिल्टियाझेमही नाडी मंद करते, कॅल्शियमची आवकही कमी करते, मग ती का वाईट? कारण ती दारच अडवते. हाक मारणारं कॅल्शियमच कमी पडलं की आधीच अर्धवट ऐकणाऱ्या झडपा आणखी गप्प बसतात, आणि अ‍ॅड्रिनॅलिनचा मारा तसाच चालू राहतो. १९८८ सालच्या चाचणीत अ‍ॅटॅकनंतर फुप्फुसात पाणी झालेल्या रुग्णांना डिल्टियाझेमने अपायच झाला. बाबांच्या डॉक्टरांनी ती बंद केली हे अगदी बरोबर केलं. त्याच कुळातली अ‍ॅम्लोडिपिन मात्र मुख्यतः रक्तवाहिन्यांवर काम करते, हृदयाला त्रास देत नाही, त्यामुळे बीपीसाठी कधी लागली तर घाबरू नका.

सर्का थेट वाढवता आला तर? तोही प्रयत्न झाला. निरुपद्रवी विषाणूवर सर्काचं जनुक लादून ते हृदयाच्या रक्तवाहिन्यांत सोडलं. पहिल्या छोट्या चाचणीने आम्हा सगळ्यांच्या आशा उंचावल्या. मग २५० रुग्णांच्या चाचणीचा निकाल २०१६ मध्ये छापला गेला आणि फायदा दिसला नाही. जनुक पेशींत पुरेसं पोचलंच नसावं असं बऱ्याच जणांचं मत आहे, माझंही. म्हणून या वाटेवर मी अजून फुली मारलेली नाही.

बाबांच्या पाकिटातल्या बाकीच्या गोळ्या थोडक्यात. सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन किंवा रॅमिप्रिल भार हलका करतात. स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोन हृदयात चिवट तंतू माजू देत नाही. डॅपाग्लिफ्लोझिन मुळात डायबेटिसची, पण २०१९ च्या चाचणीत डायबेटिस नसलेल्या हार्ट फेल्युअरच्या रुग्णांनाही तिचा फायदा झाला, आणि आता तिची स्वस्त जेनेरिक सहज मिळते. हे तीन प्रकार आणि बीटा-ब्लॉकर मिळून उपचारांचे चार खांब. चारही आहेत ना, ते पुढच्या भेटीत पाहून घ्या.

पुन्हा दुधाकडे येतो, कारण इथे एक गोष्ट सांगायची राहिली आहे. कॅल्शियम म्हटलं की घरात तीन वेगळ्या गोष्टी एकत्र होतात. एक, हाडांचं आणि आहारातलं. दोन, रक्तवाहिनीच्या भिंतीत साचलेलं, जे सीटी स्कॅनवर दिसतं आणि ज्याचा स्कोअर काढतात. तीन, पेशीच्या आत ये-जा करणारं, ज्याबद्दल आपण आतापर्यंत बोललो. दूध बंद करून दुसरं विरघळत नाही आणि तिसरं सुधारत नाही. कारण रक्तातली पातळी शरीर फार काटेकोर सांभाळतं. दूध कमी पडलं तर ते हाडांतून काढून रक्तात ठेवतं.

पण ही पातळी खरोखरच खाली गेली तर हृदय दुबळं होतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. बडोद्याजवळच्या पादरा भागातल्या एका गावातली चाळिशीतली बाई आली होती, धाप लागलेली, पाय सुजलेले, पंपिंग २५. अँजिओग्राफी स्वच्छ. आम्ही सगळी औषधं दिली, काही हलेना. चौथ्या दिवशी तिच्या जावेने सांगितलं की हिच्या बोटांना रोज मुंग्या येतात, हात आखडतो. मी गळ्याकडे पाहिलं, थायरॉइडच्या जुन्या ऑपरेशनचा व्रण होता. त्या ऑपरेशनमध्ये थायरॉइडच्या शेजारच्या, कॅल्शियम सांभाळणाऱ्या बारीक ग्रंथी गेल्या की पातळी कायमची घसरते. रक्तातलं कॅल्शियम ५.४ निघालं, जे साडेआठच्या वर हवं. ही तपासणी पहिल्या दिवशी करायला हवी होती, आणि मी केली नव्हती. कॅल्शियम आणि कॅल्सिट्रिऑल (ड जीवनसत्त्वाचं तयार रूप) सुरू केल्यावर चार महिन्यांत तिचं पंपिंग ५० च्या वर गेलं. ड जीवनसत्त्वाच्या कमतरतेमुळे तान्ह्या बाळांचं हृदयही असंच फुगून दुबळं होतं आणि उपचारांनी भरून येतं. बाबांचं कारण वेगळं आहे, पण हार्ट फेल्युअरच्या प्रत्येक नव्या रुग्णाचं कॅल्शियम एकदा तपासून पाहिलंच पाहिजे, हे मी त्या बाईकडून शिकलो.

बाबांनी दिवसाला एक-दोन कप दूध, एक वाटी दही घ्यावं. पाण्याची मर्यादा सांगितली असेल तर दूध, ताक, चहा सगळं त्यात मोजा. लघवीची फ्युरोसेमाइड चालू असेल तर तिच्यामुळे कॅल्शियम, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम तिन्ही लघवीतून जातं, म्हणून ही तीन आणि किडनीचं क्रिएटिनिन यांची तपासणी वेळच्या वेळी हवी. कॅल्शियमच्या गोळ्या आणि ड जीवनसत्त्वाच्या ६०,००० युनिटच्या कॅप्सूल शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून सुरू करू नका. दर आठवड्याला एक अशी वर्षभर घेणारे लोक मी पाहिले आहेत, आणि सोबत डिगॉक्सिन असेल तर वाढलेलं कॅल्शियम ठोके बिघडवतं.

आईंना सावधच राहायचं असेल तर मिठाकडे लक्ष द्या म्हणावं. लोणचं, पापड, फरसाण, रविवारची शेव-उसळ, लीलो चिवडो, यांतलं मीठ दह्याच्या शंभर वाट्यांपेक्षा बाबांना जास्त महागात पडेल. गुडघा दुखला म्हणून मेडिकलमधून डायक्लोफिनॅकची गोळी आणून देऊ नका, तिने अंगात पाणी साठतं. रोज सकाळी संडासला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, एकाच काट्यावर वजन करून कॅलेंडरवर लिहा. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर धाप लागण्याची वाट न पाहता फोन करा.

पुढच्या भेटीला जाताना हे कॅलेंडर, नाडीचे आकडे आणि सगळी पाकिटं सोबत न्या, आणि डॉक्टरांना एकच प्रश्न नक्की विचारा: मेटोप्रोलॉल आता किती वाढवायची?